उष्टा पेला

वाटाघाटींच्या खोलीत दोन्ही शत्रुराष्ट्रं आपापलं पाणी आणत. पेल्याला पलीकडच्यांचे ओठ लागलेच, तर तो फोडायचा, असा शिरस्ता. "आधी एकमेकांचं पाणी प्या, मग भांडा," असं मुत्सद्दी प्राध्यापक आयुष्यभर लिहीत आले. पेपरवाले त्यांना 'शत्रूचे जावईबापू' म्हणत. आज ते बोलणी करायला नव्हे, सीमेवर मारल्या गेलेल्या आपल्या मुलाला न्यायला आले होते. पलीकडच्या राजदूतांनी शव सोपवल्याच्या कागदावर त्यांची सही घेतली. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतून पेला पुढे सरकवला. सोबतचा कर्नल पुटपुटला, "सर, नका. कॅमेरे आहेत." प्राध्यापकांनी अर्धा पेला रिकामा करून उरलेला परत सरकवला. "तुमचाही मुलगा चौकीवरच ना? घ्या." राजदूतांचा हात पेल्यापर्यंत गेला. त्यांच्या मागचा अधिकारी नुसता खाकरला. हात पुन्हा मांडीवर आला. शवपेटीला खांदा देऊन प्राध्यापक दाराशी पोहोचले, तोच मागे काच फुटली.