गुण नाही

"मान जरा खाली घ्या, ताई," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी भिंग तिच्या डोक्यावरून फिरवलं. कपाळापासून मानेपर्यंत सगळं गुळगुळीत. फोटो काढून त्यांनी मागच्या फोटोंशेजारी लावून पाहिले आणि सुस्कारा सोडला.

"औषधालाही एक केस नाही हो. गोळ्या चुकवत तर नाही ना?"

"देवाशपथ, एकही चुकली नाही." तिने रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

शपथ खोटी नव्हती. रोज सकाळी गोळी बाटलीतून निघायची आणि पोटातही जायची, फक्त पोट लेकीचं असायचं. केस झडवणारी चाई दोघी मायलेकींना लागलेली. पण नव्या औषधाच्या चाचणीत अठराच्या आतल्यांना घेत नाहीत आणि लेक सतराची. आईचं काय, तिचं सगळं उरकलं होतं. पोरीने मात्र घरातले आरसे उलटे करून ठेवले होते. आता तिच्याच डोक्यावर बोटभर दाट केस आले होते. बाहेरच्या बाकावर ती भर उकाड्यात टोपी ओढून बसली होती.

"नियमच आहे, ताई. सहा महिन्यांत गुण नाही, तर गोळ्या बंद. आजपासून तुम्ही मोकळ्या."

तिने रिकामी बाटली पुन्हा हातात घेतली. मेली अक्कल गहाण पडली होती की काय! केस आल्याच्या आनंदात एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती, की टकलीला गोळ्या कोण देत राहील? आणि गोळी थांबली की आलेले केस गळतात, हे तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गुण आलाय हो, चांगला बोटभर आलाय, असं ओरडून सांगावंसं वाटलं तिला. पण सांगितलं तर चोरी उघडी पडणार आणि गोळ्या बंद. गप्प बसलं तरी बंदच.

"अजून एक महिना द्या. पाया पडते तुमच्या."

"माझ्या हातात असतं तर दिला नसता का?" त्यांची नजर अर्धवट उघड्या दाराकडे गेली. "ती टोपीवाली तुमची मुलगी? तिलाही हेच?"

तिने मान डोलावली. बाहेर पोरगी टोपीखालची बट बोटाला गुंडाळत बसली होती. आई झटकन उठून दाराच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये उभी राहिली.

डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी घेतोय. अठराची झाली की आणा तिला, मी स्वतः नाव घालतो. अट एकच, डोकं असंच रिकामं हवं. मधेच आपोआप केस आले तर मला घेता येणार नाही."

"त्याची काळजी नको, डॉक्टर," ती म्हणाली. "तोवर एकसुद्धा राहायचा नाही."