गोळ्यांचं गाव

"खरं सांगा काका, गोळ्या कुठे टाकता? खाडीत की डुकरांना?"

पेनिसिमानी नुसता हसला. त्या हसण्यानंच नर्स तोकिलुपेचं डोकं फिरायचं. पायाचा अंगठा काळा पडायला लागला होता, आणि या माणसाला पाहुणचार सुचत होता.

"कालोलाइने, पोरीला शहाळं दे," त्यानं बायकोला हाक मारली. "उन्हातनं आलीय, म्हणून तापलीय."

"शहाळं नको. उत्तर द्या."

"घेतो की गोळ्या. बघ, बाटली रिकामी आहे."

बाटली रिकामीच होती. दर महिन्याला तोकिलुपे एक भरलेली बाटली द्यायची, रिकामी परत न्यायची, आणि बोटाला सुई टोचली की साखर आपली चढलेलीच.

वावाउ बेटावर हे संशोधन सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. साखरेच्या जुन्या रोग्याला नर्स घरी येऊन भेटत राहिली, गोळ्या न चुकता हातात पडल्या, तर त्याचे हातपाय धड राहतात का, एवढंच मोठ्या डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यासाठी गावागावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पेनिसिमानीचं गाव निघालं गोळ्यांचं. खाडीपलीकडच्या गावाचं मागचंच पुढे चालू राहिलं. बोट आली तर गोळ्या, नाही आली तर पुढच्या बोटीची वाट बघा. कुणी कुरकुर केली नाही. चिठ्ठी ती चिठ्ठी.

गावातल्या बाकी सगळ्यांची साखर उतरत होती. एकटा पेनिसिमानी तेवढा पालथा घडा. तोकिलुपेनं त्याच्या ताटातले यामचे कंद कमी केले, चरबीचं मटण बंद केलं, गुंगी आणणारा कावा प्यायला बसला की तिथं जाऊन चारचौघांत झापलं. डॉक्टरांना सांगून गोळ्या वाढवून घेतल्या. उपयोग शून्य. आज तर चुलीशेजारी पातेल्यात वैदूचा पाला भिजत घातलेला दिसला, आणि तिची खात्रीच पटली.

"पाला पिता, आणि आमच्या गोळ्या फेकता."

"पाल्यानं बरं वाटतं गं."

"बरं वाटतं? अंगठा बघा जरा. माझ्या बापाचा पाय असाच गेला, काका. तेव्हा गोळ्या नव्हत्या हो. तुम्हाला आयत्या मिळतायत, आणि तुम्ही..." तिचा आवाज चिरकला. याच्यापुढे रडू यावं, याचाच तिला संताप आला.

"रडू नकोस पोरी," पेनिसिमानी म्हणाला. "तुझं काम वाया जात नाहीये."

"नाही कसं? तुमची बहीणच बघा. मेलेनाइते. पलीकडच्या गावात ना नर्स, ना धड औषध, तरी तपासणीत साखर ताब्यात. खुटखुटीत आहे बाई."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. बहिणीचं नाव निघालं की भावानं मान खाली घालायची. तिच्या दुखण्याखुपण्याबद्दल त्याच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. बहीण म्हणजे घरातलं वरचं माणूस. पहिला याम तिचा, पहिला मासा तिचा. तोकिलुपेला हे कुणी शिकवायला हवं होतं असं नाही, पण रागाला कुठली रीत?

पेनिसिमानीची मान खाली गेली.

"बरीच उतरली का?" त्यानं हळूच विचारलं.

"बरीच. लाज वाटली पाहिजे तुम्हाला."

"वाटते," तो म्हणाला.

कालोलाइने शहाळं तिथंच ठेवून एकदम आत निघून गेली. नवऱ्याला बोललेलं तिला लागलं असावं.

पुढे व्हायचं तेच झालं. आधी अंगठा कापला, मग पाऊल. डॉक्टर म्हणाले, "सांगितलेलं न ऐकणारा रोगी काय कामाचा? नाव काढून टाका." तोकिलुपे हे सांगायला त्याच्या खाटेपाशी गेली, तर त्यानं तिचा हात घट्ट धरला. इतक्या महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा घाबरलेला दिसला.

"पाय गेला तर जाऊ दे. नाव तेवढं काढू नकोस. गोळ्या बंद करू नकोस, पोरी. पाया पडतो तुझ्या."

तिला भरून आलं. उशिरा का होईना, अक्कल आली, असं तिला वाटलं. डॉक्टरांशी भांडून तिनं नाव राखलं आणि बाटली स्वतः नेऊन कालोलाइनेच्या हातात दिली. बाई बाटली छातीशी धरून रडली.

पण जखम वर चढत गेली, आणि एका सकाळी पेनिसिमानी गेला.

अंत्यविधीला तोकिलुपे काळे कपडे घालून, कमरेला सुतकाची चटई गुंडाळून बसली. रडू आवरत नव्हतं आणि रागही गिळवत नव्हता. सगळं हातात असताना माणूस मुद्दाम मेला, असंच तिच्या मनात येत होतं. कालोलाइने मोठी फाटकी चटई गुंडाळून दाराशी बसली होती, मान वर करत नव्हती. उशाशी, मानाच्या जागी, मेलेनाइते होती. तिनं तोकिलुपेला खुणेनं जवळ बोलावलं.

"तुझे उपकार कसे फेडू, नर्सबाई? तुझ्यामुळे आज मी माझ्या पायांवर उभी आहे."

"माझ्यामुळे? मी काय केलं? तुमच्या गावाला तर..."

"आमच्या गावाला काही नाही, माहितीय मला. म्हणून तर माझ्या गोळ्या तू इथं पोचवायचीस ना? वहिनी दर रविवारी आणून द्यायची. मला आपलं वाटायचं, भावाच्या तोंडचं तर काढून आणत नाही ना ही? विचारलं मी तिला." मेलेनाइतेनं भावाच्या कपाळावरून हात फिरवला. "तर म्हणाली, छे हो, नर्सबाई दोन बाटल्या देते. एक तुमची, एक त्यांची."