रामफळाखालची मुलगी

स्मृतिदालनात एकाच्याच आठवणीतली वस्तू धूसर उमटायची आणि विरून जायची. दोघांना आठवली तरच टिकायची. द्वारकाबाईंचं माहेर धरणात बुडालं होतं आणि तिथलं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं, म्हणून शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान नरहरपंत बसले. आठवणी टिपणारी पट्टी कपाळावर बांधून घेताना त्यांना चोरट्यासारखं वाटत होतं. गाव लग्नाआधीच पाण्याखाली गेलेलं. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

“अहो, आमची विहीर आठवा,” बाई म्हणाल्या.

पन्नास वर्षं जेवताना, प्रवासात, आजारपणात ऐकलेली विहीर त्यांनी डोळ्यांपुढे आणली. समोर काळे दगड उमटले, मग रहाट, मग काठावरचं रामफळाचं झाड. काहीच विरलं नाही.

बाईंची नजर दगडांवरून झाडाखाली गेली.

“झाडाखाली ही परकरातली पोर कोण? मला नाही आठवत.”

“मला आठवते,” नरहरपंत म्हणाले. “तू विहिरीचं सांगायचीस ना, तेव्हा तीच दिसायची मला. लहानपणीची तू.”

पोर विरायला लागली होती. बाईंनी घाईघाईने डोळे मिटून तिला मनात धरलं, आणि तिचे अनवाणी पाय मातीवर पक्के टेकले.