बार बचाव समिती

पांढुर्ण्याचा जावई चालणार नाही, असं समितीने एकमताने ठरवलं. ठराव मांडला हिरामणने, आणि मुलगीही हिरामणचीच होती. विजयच्या खताच्या दुकानासमोरच्या बाकावर तो मान खाली घालून बसला. मधुकर आणि विजय या दोन मित्रांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा त्यागी माणूस सौंसरजवळच्या रामाकोन्यात दुसरा नाही, असं त्या संध्याकाळी सगळ्यांचं मत पडलं.

हिरामणच्या मुलीने, श्रुतीने, घरी हे ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. ती सौंसरला बँकेत कामाला होती. पांढुर्ण्याचा हर्षल तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मुलगा चांगला, घर चांगलं, हे बाबांनी आधीच कबूल केलं होतं. आडवा आला तो बार.

संत्र्याच्या झाडाला फुलं येतात, त्याला आपल्याकडे बार म्हणतात. बार फुटला तर वर्ष साजरं, नाही तर पुढच्या बाराची वाट पाहा. गेल्या हिवाळ्यात मधुकर सौंसरच्या बसस्टँडवर उभा होता. शेजारी एक साहेबी माणूस फोनवर म्हणत होता, "सौंसर का बार तो मैं बंद करवाके रहूँगा." एवढं बोलून तो पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढला. दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाला यात दारूचं दुकान दिसलं असतं. मधुकरला फुलं दिसली. त्यातून त्या साली हिवाळ्याअखेरचा आंबिया बार जरा विरळच फुटला. मग काय विचारता, पांढुर्ण्यावाले आपला बार बंद करून राहिले, ही बातमी पक्की झाली.

तिघा मित्रांनी समिती काढली. व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. रोज संध्याकाळी बाकावर बैठक भरू लागली. पांढुर्ण्याच्या बाजूने ढग आला की पुरावा म्हणून त्याचा फोटो निघायचा. वरून जाणारं विमान नागपूरचं असलं तरी संशय पांढुर्ण्यावर. तिकडचा माल घ्यायचा नाही, तिकडच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही. तिघंही एवढे टवटवीत झाले की बायकांनासुद्धा समितीचं कौतुक वाटू लागलं.

श्रुतीने आधी बाबांनाच गाठलं. तो साहेब दारूच्या बाराबद्दल बोलत होता, तो बार कधीचाच बंद झाला, आता तिथे चपलांचं दुकान आहे, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. हिरामणने उठून दार लोटलं.

"मले माईत हाय," तो हळूच म्हणाला. "तवाच समजलं होतं. पन मधुकरले कोन सांगन? त्यानं सोताच्या कानानं ऐकलं हाय. रिटायर झाल्यापासून तो आता कुठं मानसात आला. त्याले खोटं पाडून मी तुले पांढुर्ण्यात देऊ?"

श्रुती तडक मधुकर काकांकडे गेली. काकांनी पाय पुढे केले. पायातल्या चपला त्याच दुकानातल्या होत्या. आपण ऐकण्यात चुकलो, हे त्यांना दुकानावर उरलेली बारची जुनी पाटी पाहूनच कळलं होतं. पण विजयने समितीपायी पांढुर्ण्याचा सगळा माल बंद केला होता, आणि त्याचं नुकसान झालं ते उगाचच, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, असं ते म्हणाले. त्यांनी तिला गप्प राहण्याची शपथही घातली.

राहिले विजू काका. ढगाने बार बंद होत नाही, हे खतं विकणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको. ते तिला आत, पोत्यांच्या आडोशाला घेऊन गेले.

"ज्यानं समितीसाठी सोताच्या पोरीची सोयरीक मोडली," ते म्हणाले, "त्याले मी कसं सांगू बेटा, का समितीच खोटी हाय?"

श्रुतीला संताप आला आणि त्याच वेळी या तिघांबद्दल फार माया वाटली. मनातून एकाचाही विश्वास नव्हता, पण बाकीच्या दोघांसाठी प्रत्येकजण तो नीट जपून होता. तिघांना समोरासमोर बसवून खरं ते सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण मग दुसऱ्या दिवशी त्या बाकावर कोण बसणार होतं? रात्रभर विचार करून ती दुसऱ्या संध्याकाळी स्वतःच बैठकीला गेली. हर्षलला काहीही करून सोडायचं नाही, एवढं मात्र तिने ठरवलं होतं.

"काका, तुम्ही ढगाचे फोटो काढून राहिले," ती म्हणाली, "पन आतली खबर आपल्याले देते कोन? पांढुर्ण्यात आपलं एक मानूस असाले पायजे. तिथंच घरात राहनारं. कोनाले शक येनार नाही असं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधुकरने एवढ्या घाईने अनुमोदन दिलं की त्याच्या हातातला चहा सांडला. विजयने ही युक्ती आपल्याला आधी का सुचली नाही म्हणून कपाळावर हात मारून घेतला. हिरामणने समितीच्या हितासाठी पोरगी पांढुर्ण्यात द्यायला मंजुरी दिली आणि उपरण्याने डोळे पुसले. पेढे मात्र सौंसरहूनच आणायचे ठरले.

श्रुतीने घरी जाऊन हर्षलला फोन लावला. मले हेर बनवून पाठवून राहिले, असं म्हणत तिने हसत हसत त्याला सगळं सांगितलं. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"हे आमच्या बाबाइच्या समितीले कळू देऊ नको," हर्षल हळूच म्हणाला. "सौंसरचं मानूस फुटून आपल्याकडं येऊन राहिलं, म्हनूनच त्याइनं लग्नाले हो म्हटलं."