तेरड्याच्या पिशव्या

"तेरड्याचं बोंड म्हणजे दबा धरून बसलेलं पोर. बोट लागलं की उधळलंच," आई म्हणायची. आईच्याच बियांचा तेरडा शिवणकाम करणाऱ्या लेकीच्या अंगणात फुले, उधळे, कुंपण ओलांडे. आणि पलीकडे एकटे राहणारे घड्याळवाले काका तावातावाने कुंपणाशी येत.

"ताई, तुमचा तेरडा पुन्हा आमच्या अंगणात. आवरा त्याला. उपटून उपटून कंबर मोडली माझी."

तिचा चहा गार होईपर्यंत तक्रार चाले.

शेवटी गेल्या हंगामात, शेजारधर्म म्हणून, तिने चिंध्यांच्या इवल्या पिशव्या शिवल्या आणि बाळाला टोपडं बांधावं तशा एकेका बोंडाला बांधल्या. झाडून सगळं बी डबीत आलं. यंदा तेरडा फुलला तो फक्त तिच्याकडे. पलीकडचं अंगण कोरं आणि काका गप्प. तिला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

बोंडं भरली, तशी ती पुन्हा पिशव्या घेऊन बसली. कुंपणापलीकडे कुणीतरी खाकरलं.




"ताई, यंदा राहू द्या त्या पिशव्या. भांडायच्या निमित्ताने चार शब्द बोलणं व्हायचं, तेही उगवायचं बंद झालं."