करून पाहिलं

उत्तर आयतं द्यायचं नाही, मुलांनी आधी अंदाज लिहायचा आणि मग करून पाहायचं, असा प्रणिता मॅडमचा तिसरीच्या वर्गात कायदाच होता. म्हणून शाळेचा लोहचुंबक त्या रोज एकेका मुलाबरोबर घरी पाठवत. काल पाळी रुचिताची होती. तिचे वडील भिलाईतल्या एका फाउंड्रीत ओतीव लोखंड घासायचा ग्राइंडर चालवत. वही तपासताना मॅडमना कौतुकच वाटत होतं: कढई चिकटली, बाबांच्या बुटांमधली भुकटीही चिकटली. शेवटच्या ओळीवर मात्र लाल पेन थांबला. ‘बाबांची छाती. अंदाज: चिकटेल. करून पाहिलं: नाही चिकटली.’ “छातीले कावून लावला वं?” मॅडमनी विचारलं. “डॉक्टर म्हणे, लोखंडाची धूळ आत जाऊन बसली. बाबा निजले होते तवा लावला. खूप वेळ धरून ठेवला.” लोहचुंबक टेबलावर ठेवूनही ती जागची हलली नाही. “मॅडम, शाळेत याच्याहून मोठा हाय का?”