काऊच्या वाट्याचे घास

मैथिलीच्या मनगटावर जन्मतःच बसवलेलं कडं घासन् घास आणि तो भरवणारा हात टिपत होतं. चौथ्या वर्षी अंगणवाडीच्या ताईंनी ते वजनकाट्याला जोडलं आणि पडद्यावर हिशेब उमटला.

"सहा किलो जादा आहे पोर," ताई म्हणाल्या.

"असणारच! हिनं बाटलीचं दूध पाजलं ना," मैथिलीचा बाप उद्धव बायकोकडे बोट दाखवत म्हणाला. चार वर्षं तो चारचौघांत हेच बोलत आला होता. सुजाता नेहमीसारखी मान खाली घालून उभी राहिली.

"बाटलीचं अर्धा किलो," ताई म्हणाल्या. "बाकीचं पोट भरल्यावर कोंबलेलं. हात बापाचा दिसतोय, दादा."

उद्धवनं उगारलेलं बोट खाली घेतलं. पोरीनं तोंड फिरवलं की मोबाइल समोर धरून तोच भरवायचा, हा घास काऊचा, हा चिऊचा. वर मिरवायचा, मी कसं ताट रिकामं करवतो! काऊ-चिऊ कधी आलेच नव्हते. सगळं त्या जिवानंच गिळलं होतं, आणि दोष द्यायला बायको हाताशी होतीच.

संध्याकाळी एक पोळी संपल्यावर त्यानं चाचरत विचारलं, "पोट भरलं का गं, बाळा?"

"ते कसं कळतं, बाबा?" मैथिलीनं विचारलं, आणि सवयीनं तोंड उघडून बसली.